घरोघरी प्रचारानं एक तरी मत फिरतं का?

गावभागकर

आमच्या सांगलीत महापालिकेच्या मतदानाआधीचा शेवटचा रविवार. सकाळी नऊपासून रात्री साडेनऊपर्यंत आमच्या दारात अकरा टोळ्या येऊन गेल्या. मोजल्या, कारण त्या दिवशी दुसरं काही करताच आलं नाही. पुढं हलगी, मागं गळ्यात पट्टे घातलेली पोरं, मध्ये हात जोडलेला उमेदवार. "लक्ष असू द्या." आई म्हणाली, "आपलंच आहे की." पुढची टोळी, तेच वाक्य, तेच उत्तर. अकराही जण खूश होऊन गेले.

एका उमेदवाराचा वेळ मी घड्याळ लावून बघितला. उंबऱ्यापाशी चौदा सेकंद, त्यातले पाच आईच्या पाया पडण्यात. गल्लीच्या तोंडाशी तुंबलेलं गटार ओलांडूनच तो आला होता. त्याच्याबद्दल तो बोलला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही काढलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: घरोघरी फिरून मत फिरत नाही. ते आधीच ठरलेलं असतं. भावकीवर, जातीवर, पक्षावर, २०१९ च्या पुरात कोण होडी घेऊन आला होता त्याच्यावर. मग लाखो रुपये आणि पोरांचे पंधरा दिवस कशाला घालवायचे? उलट बाजू असेल तर सांगा, पण अनुभवानं सांगा.

खणभाग_एक्सप्रेस

शंभर टक्के. आमच्याकडं तर एकाच उमेदवाराची टोळी दोनदा आली. सकाळी येऊन गेलाय हे त्यांनाच माहीत नव्हतं.

बूथवरचा_माणूस

गावभागकर, तुम्ही उमेदवाराचे चौदा सेकंद मोजले, पण त्याच्या मागं वही घेऊन उभा असलेला पोरगा बघितला नाही. तो पोरगा म्हणजे मी. तीन निवडणुका हेच केलंय, म्हणून सांगतो.

मत फिरवायला आम्ही जातच नाही. यादी तपासायला जातो. एका बूथला हजार-बाराशे नावं. त्यातला कोण वारला, कोणती पोरगी लग्न होऊन इस्लामपूरला गेली, कोण नोकरीला पुण्यात आहे आणि बोलावलं तर येईल का, कुठली आजी चालू शकत नाही, हे सगळं उंबऱ्यावरच कळतं. प्रत्येक नावापुढं खूण: आपला, त्यांचा, कुंपणावरचा. मतदानाच्या दिवशी दुपारी दोनला कोणाच्या दारात रिक्षा लावायची ते या वहीवर ठरतं. ज्याची वही कच्ची तो पडला. याला आमच्यात जोडण्या म्हणतात.

"आपलंच आहे की" हे उत्तर आम्हाला काय कळत नाही होय? म्हणणारा आत वळून चहा ठेवायला सांगतो का दाराची कडी हातातच धरून बोलतो, तिथं आमची खूण पडते.

आकडेमोडे

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. अमेरिकेत १९९८ साली गर्बर आणि ग्रीन या दोन संशोधकांनी न्यू हेवन शहरात प्रयोग केला होता. काही मतदारांना घरी जाऊन भेटले, काहींना फोन केले, काहींना पत्रं पाठवली. प्रत्यक्ष भेटीनं मतदानाला येणाऱ्यांचं प्रमाण चांगलं वाढलं, पत्रांनी किंचित, फोनचा काही उपयोग दिसला नाही. मात्र त्या भेटी मतदानाला या, एवढंच सांगण्यासाठी होत्या. अमक्याला द्या असं त्यात नव्हतं.

मत फिरवण्याचा हिशेब वेगळा. २०१८ मध्ये काला आणि ब्रूकमन यांनी असे ४९ प्रयोग एकत्र तपासले. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराच्या भेटीगाठींनी मत बदलण्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे माणूस घरातून बाहेर काढता येतो, त्याचं मत बदलता येत नाही.

गावभागकर

बघा, हेच म्हणतोय मी.

आकडेमोडे

अर्धंच वाचलंत. वही घेतलेला पोरगा त्यांच्या लोकांना बाहेर काढत नाही, स्वतःच्याच लोकांना काढतो. महापालिकेचा वॉर्ड शे-दोनशे मतांनी पडतो. तिथं एवढं पुरतं. आणि ते प्रयोग अमेरिकेतले. तिथं दारात येणारा बहुधा अनोळखी असतो. आपल्याकडं तो आपल्याच शाळेतला, आपल्याच तालमीतला. सांगलीत हा प्रयोग केला तर काय निघेल ते निघेल.

कंदी_पेढा_सातारा

आमच्या साताऱ्याचं ऐका लका. २०२४ च्या लोकसभेला एका बाजूला भाजपचं कमळ, दुसऱ्या बाजूला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा तुतारी वाजवणारा माणूस. त्यात एका अपक्षाला चिन्ह मिळालं नुसतं तुतारी. निकाल लागला तर फरक ३२ हजारांचा आणि त्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं! प्रचारात कोण फारसं बघितलंही नव्हतं त्याला. घराघरांत मशिनचा नमुना घेऊन बसले असते, म्हाताऱ्या माणसांकडून दोनदा बोट ठेवून घेतलं असतं, तर खासदार दुसरा असता. सभेत मागं बसलेल्याला चिन्ह दिसत नाही. ते मांडीला मांडी लावूनच शिकवावं लागतं.

खणभाग_एक्सप्रेस

ती सगळी ३७ हजार चुकूनच पडली हे कशावरून? आणि साताऱ्याच्याच माणसानं सभेला नावं ठेवावीत? ऑक्टोबर २०१९, भर पावसात पवारसाहेबांचं भाषण. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांचे श्रीनिवास पाटील ८७ हजारांनी निवडून आले. कोण गेलं होतं वही घेऊन?

कंदी_पेढा_सातारा

गेली होती की. तुम्हाला टीव्हीवर पाऊस दिसला, वही दिसली न्हाई. पावसानं हवा झाली हे खरं हाय, पण हवा मशिनपतुर चालत जात न्हाई.

बूथवरचा_माणूस

सांगलीचंच घ्या. २०२४ ला विशाल पाटलांना लिफाफा हे चिन्ह अर्ज माघारीनंतर, म्हणजे २२ एप्रिलनंतर मिळालं. मतदान ७ मे. दोन आठवड्यांत जतपासून मिरजेपर्यंत लिफाफा पोचवायचा होता. काँग्रेसचं तिकीट न मिळालेला अपक्ष माणूस, तरी लाखाच्या फरकानं निवडून आला. महापालिकेला तर आणखी घोळ. बहुतेक प्रभागांत चार जागा, चार वेळा बटण. लोक विचारतात, "चारी एकाच पक्षाला द्यायची का?" हे दारात सांगायचं नाही तर कुठं सांगायचं?

गावभागकर

लिफाफा घराघरांत पोचला तो मोबाईलवरनं आणि "आमच्यावर अन्याय झाला" या एका वाक्यावरनं. त्या वाक्याला पायपीट लागली नाही. चिन्ह सांगायला यावं लागतं हे मात्र मानतो. पण चिन्ह सांगणं म्हणजे निरोप झाला, प्रचार नव्हे. निरोपाला हलगी कशाला?

विश्रामबागची_सूनबाई

इथं सगळे पुरुष बोलताहेत म्हणून लिहिते. दार मी उघडते. पहिला प्रश्न, "साहेब आहेत का?" साहेब नाहीत म्हटलं की पत्रक माझ्या हातात आणि "त्यांना सांगा." घरात चार मतं, त्यातली तीन बायकांची. एकदा मी मुद्दाम म्हटलं, मलाच सांगा. पोरगा इतका गोंधळला की चिन्हच विसरला.

महिला कार्यकर्त्या येतात तेव्हा जरा बरं असतं. त्या बसतात, पाण्याच्या वेळेचं विचारतात. पण ओवाळायला ताट घेऊन या असं जेव्हा उमेदवाराची माणसंच आधी सांगून जातात, तेव्हा तो प्रचार आमच्याकडं आला की आम्हाला कामाला लावायला, ते कळत नाही.

आणि अपार्टमेंटचं काय? आमच्या गेटवर "सेल्समनना प्रवेश नाही" असा बोर्ड आहे. वॉचमन विचारतो, कुणाकडं जायचंय? उमेदवार म्हणतो, सगळ्यांकडं. मग पार्किंगमध्येच सात माणसं गोळा करून भेट उरकतात. बूथवाल्या भाऊंच्या वहीत आमच्या बिल्डिंगपुढं काय लिहिलंय ते बघायला आवडेल.

बूथवरचा_माणूस

खरं सांगू का वहिनी? प्रश्नचिन्ह. फ्लॅटमध्ये आमची वही चालत नाही. अर्धे भाडेकरू, त्यांची नावं गावाकडं. गावभागात, खणभागात, मिरजेच्या जुन्या पेठांत एका चहात वीस मतांचा अंदाज येतो, तुमच्याकडं वीस बेल वाजवून एक. आणि "साहेब आहेत का" हे माझंही चुकलंय. पुढच्या वेळी नाही.

निवृत्त_मास्तर

सर्वांना एक आठवण. विधानसभा-लोकसभेला मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास सभा, मिरवणुका, भोंगे बंद असतात, घरोघरी भेटी मात्र चालतात. म्हणजे शेवटच्या दोन रात्री हाच एक मार्ग उरतो. त्याला कमी लेखू नये.

खणभाग_एक्सप्रेस

मास्तर, त्या दोन रात्री भेटी कसल्या असतात ते आम्हाला विचारा. पत्रक नसतं, पाकीट असतं. बेलसुद्धा वाजवत नाहीत, कडी हळूच वाजते. त्या भेटीचा "परिणाम" मोजायला अमेरिकेतनं कोण येणार?

निवृत्त_मास्तर

ते मी नाकारत नाही. परंतु पाकीट सर्वच बाजूंनी आले तर मत कोणाला जाते? आमच्या गल्लीत काहींनी तिघांचे घेतले आणि चौथ्याला दिले.

खणभाग_एक्सप्रेस

म्हणजे पाकिटाचाही परिणाम शून्य! आकडेमोडे, हा पन्नासावा प्रयोग लिहून घ्या.

कृष्णाकाठी

हसण्यावारी नेऊ नका. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा पहिला मजला पाण्यात होता. त्या आठ दिवसांत जो दूध आणि मेणबत्त्या घेऊन आला, त्याला तोवर मी ओळखतही नव्हतो. कोणत्या पक्षाचा ते नंतर कळलं. माझ्या लेखी घरोघरी प्रचार तोच. निवडणुकीतल्या भेटी म्हणजे नुसता हजेरीपट.

बूथवरचा_माणूस

मान्य. पण पूर दरवर्षी येत नाही आणि यादी दरवर्षी बदलते. हजेरी घ्यायला कोणीतरी फिरलंच पाहिजे.

गावभागकर

यादीचं एवढं कौतुक करताय म्हणून सांगतो. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या नावाची चिठ्ठी यंदाही आली. अकरा टोळ्यांतल्या वहीवाल्या एकाही पोरानं विचारलं नाही.

बूथवरचा_माणूस

ही आमची चूक, त्याला सबब नाही. नाव काढायला ७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, बीएलओकडं, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाकडं, मिळेल. चिठ्ठीवरचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कळवा, मी स्वतः येऊन भरून घेतो. हलगी आणत नाही.

गावभागकर

या. पण संध्याकाळी पाचनंतर या. चिठ्ठी आईनं देवघरात ठेवलीय, तिला विचारल्याशिवाय काढता येणार नाही.