हंगामी चार्टर विमान: कोर्ट लाइन का बुडाली, आणि चिपीसाठी तोच हिशोब लागू होतो का?

देवबागची_पडवी (प्रश्न)

देवबागला आमच्या घरी निवास व न्याहारीच्या चार खोल्या आहेत. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला, तेव्हा आम्हा सगळ्यांच्याच आशा वाढल्या होत्या. त्या किती फळल्या, हे तारकर्लीत कोणालाही विचारावे. आता एका प्रवासयोजकाने सुचवले आहे की, नोव्हेंबर ते मे या काळासाठी अख्खे विमान भाड्याने घ्यावे आणि त्यातील काही आसनांची रक्कम आम्ही खोलीवाल्यांनी आगाऊ भरावी. इंग्लंडमध्ये लहान कंपन्या याच पद्धतीने मोठ्या झाल्या, असे तो सांगतो. मात्र त्यांपैकी कोर्ट लाइन ऐन हंगामात बंद पडली, असे माझ्या वाचनात आले. लोक सुट्टीला जातच असताना अशी कंपनी बुडते कशी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

धावपट्टी

कोर्ट लाइन हा मुळात जहाजवाहतुकीचा उद्योग. त्याच्या मालकीची ऑटएअर ही ल्यूटनची विमानकंपनी 1970 पासून कोर्ट लाइन या नावाने उडू लागली. गुलाबी, नारिंगी, फिरोजी, जांभळ्या रंगांची तिची बीएसी वन-इलेव्हन विमाने ब्रिटिश कुटुंबांना स्पेनच्या किनाऱ्यावर नेत असत. या धंद्यात विमानकंपनी सहसा स्वतः तिकिटे विकत नाही. सहलकंपनी अख्खे विमान ठरावीक दराने घेते, त्याला हॉटेल जोडून सहल विकते, आणि आसन रिकामे राहिले तर तोटा तिचा असतो. विमान जास्तीत जास्त तास उडते ठेवणे, एवढीच विमानकंपनीची चिंता.

1973 मध्ये कोर्ट लाइनने सुमारे 400 आसनांची दोन ट्रायस्टार विमाने आणली. वन-इलेव्हनमध्ये 119 आसने होती, यावरून उडी लक्षात यावी. त्याच सुमारास तिचे प्रमुख गिऱ्हाईक असलेली क्लार्कसन्स ही सहलकंपनी स्वस्त सहली विकून तोट्यात आली होती. ती बुडाली असती तर विमाने जमिनीवर बसली असती, म्हणून कोर्ट लाइनने तीच विकत घेतली आणि रिकाम्या आसनांचा परक्याचा तोटा स्वतःच्या घरात आणला. ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला, ब्रिटनमध्ये मंदी आली आणि पुढच्या उन्हाळ्याची आरक्षणे घटली. 15 ऑगस्ट 1974 रोजी कंपनी कोसळली आणि हजारो पर्यटक परदेशात अडकले. आगाऊ पैसे भरलेल्यांसाठी ब्रिटिश संसदेला 1975 मध्ये राखीव निधीचा कायदा करावा लागला.

कलमबाग

आमच्या देवगडकडे बाग कराराने देतात, तोच हा व्यवहार. व्यापारी मोहोर पाहून रक्कम ठरवतो. नंतर तुडतुडा पडला किंवा अवकाळी पाऊस आला, तर झळ त्याला बसते. कोर्ट लाइन बागवाली होती, ती व्यापारी होऊन बसली. तुमचा प्रवासयोजक तुम्हालाही व्यापारी करू पाहतो आहे, आणि तेही मोहोर न दाखवता.

दाबोळीची_वाट

कलमबाग यांचे म्हणणे मला अर्धेच पटते, कारण आसने न घेतलेला हॉटेलवालाही सुटत नाही. ब्रिटनची थॉमस कुक ही सहलकंपनी 23 सप्टेंबर 2019 रोजी, म्हणजे गोव्याचा चार्टर हंगाम तोंडावर असताना, बंद पडली. (आपल्याकडील त्याच नावाची कंपनी 2012 पासून वेगळ्या मालकीची आहे, हे तेव्हा अनेकांना समजावून सांगावे लागले.) सहलकंपन्या हॉटेलांची बिले पाहुणा परतल्यावर काही आठवड्यांनी चुकती करतात, त्यामुळे युरोपातील कित्येक हॉटेलांचे ऐन उन्हाळ्याचे पैसे तिच्याकडे अडकले.

आणखी एक गोष्ट. हंगामातील पहिले विमान पाहुण्यांना उतरवून रिकामे परतते आणि शेवटचे रिकामे येऊन पाहुण्यांना घेऊन जाते. गणपतीला कोकणात येणाऱ्या जादा एसटी गाड्यांचे जे होते, तेच. या रिकाम्या फेऱ्यांचा खर्च मधल्या आसनांवर चढतो. तो कागदावर दाखवला आहे का, हे पाहावे.

देवबागची_पडवी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रवासयोजकाचा कागद पुन्हा वाचला. रिकाम्या फेऱ्यांचा त्यात उल्लेख नाही. आगाऊ रक्कम कोणाच्या खात्यात राहील आणि विमान न आल्यास ती किती दिवसांत परत मिळेल, हे त्याला लेखी विचारले आहे. शिवाय मेअखेरीस समुद्र खवळू लागतो आणि आमच्याकडील जलक्रीडा बंद होते, तरी कराराची मुदत 31 मेपर्यंत का आहे, हेही विचारले आहे. उत्तर आल्यावर येथेच लिहीन.