खाऱ्या विहिरीची खोली वाढवू नका
'पाणी मचूळ लागतंय, तर विहीर अजून दहा फूट खाली न्या' हा सल्ला कातळावर एक वेळ चालेल, मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीसारख्या पुळणीच्या, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यात अजिबात नाही. तिथे वाळूत गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. घनतेतला फरक जेमतेम अडीच टक्के, त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट. उपशाने पातळी फूटभर उतरली आणि तशीच राहिली, की खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकू पाहतं, तेही नेमकं विहिरीच्या तळाखाली, सुळक्यासारखं. खोदून तुम्ही त्याच्याच जवळ जाता.

विहीर उथळच ठेवून रुंद करा. तीन एचपीचा पंप तासभर लावण्याऐवजी अर्ध्या एचपीचा, मध्ये विश्रांती देत चालवा. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) तळाशी नको, पाण्याच्या वरच्या थरात हवा. आणि एकदा खारटपणा आला की पंप बंद करून लगेच फरक पडत नाही, कारण वाळूच्या बारीक फटींत खारं पाणी मिसळून अडकलेलं असतं. ते धुऊन निघायला पावसाळाच लागतो, कधी दोन.