पठारावरची पार्सलं : अनुभव धागा

गोवा विद्यापीठ १९८५ चं, स्पीड पोस्ट १९८६ चं. म्हणजे दोघं जवळपास एकाच वयाची, पण पत्रिका जुळल्यात असं काही वाटत नाही. ताळगावच्या पठारावर, म्हणजे विद्यापीठात, पार्सल मागवताना किंवा इथून काही पाठवताना तुमचं काय काय झालं ते लिहा. किस्से चालतील, उपयोगाची माहिती असेल तर दुधात साखर.

पठारवासी
मी विभागात आवक-जावक सांभाळतो. आमचा पिन ४०३२०६. लोक बिनधास्त ४०३००४ टाकतात, आणि पार्सल दोन दिवस दोनापावलात हवा खाऊन मग वर येतं. त्यात पाकिटावर नुसतं नाव आणि खाली 'गोवा विद्यापीठ'. अहो, विभाग कुठला? एकाच आडनावाचे चार जण इथे सापडतील. नाव, विभाग, मोबाईल, पिन, एवढं लिहा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं, तरी 'रजिस्टरनेच पाठवा' म्हणणारे सर आहेतच. त्यांना मी सांगतो, स्पीड पोस्टाला वेगळे पैसे भरून रजिस्ट्रेशन जोडा, म्हणजे ते ज्याच्या नावाचं त्याच्याच किंवा त्याने अधिकृत केलेल्या माणसाच्या हातात पडतं.

साखळीकर
माझा किस्सा कॅनडाला पाठवायच्या ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा. बंद पाकीट, झाकणाच्या जोडावर सही-शिक्का, ते तसंच न फोडता पुढे जायला हवं. परगावी जायचं होतं म्हणून पाकीट घरी टेबलावर ठेवलं. परतलो तर बाबांनी ते कात्रीने अगदी सुबक कापलेलं आणि आतला कागद शेजारच्या काकांना दाखवत होते. 'पोराचे मार्क बघायला पोराची परवानगी?' यावर काय बोलणार! पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा पठाराची चढण. आता कुणी विचारलं की सांगतो, बंद पाकीट थेट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घाला आणि कपाटाला कुलूप लावा.

विद्यार्थी सवलत
ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टावर विद्यार्थ्यांना १० टक्के सूट आहे. काउंटरवर आपणहून विचारा.

खारफुटीतली
चोडणच्या खारफुटीतला चिखल पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा होता. थर्माकोलचा डबा, जेल पॅक, तिहेरी पिशव्या, सगळं करून शुक्रवारी दुपारी कुरियरच्या काउंटरवर गेले. माणसाने डबा हलवला, आत गुळूक झालं. 'मॅडम, लिक्विड घेत नाही.' चिखल आहे म्हटलं, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की चिखल कोण पाठवतं, तेही पैसे देऊन! शेवटी वरचं पाणी काढून टाकलं आणि विभागाचं पत्र जोडून सोमवारी पाठवलं. आता शुक्रवारी नमुना पाठवायचा नाही असं ठरवूनच टाकलंय. शनिवार-रविवार गोदामात पडला तर जेल पॅक तरी किती गार ठेवणार?

हॉस्टेलवासी, गाव सावंतवाडी
तुमचं स्पीड पोस्ट तुम्हालाच लखलाभ. आमची आई कुळथाचं पीठ आणि सोलं डब्यात भरते, डबा पंच्यात बांधते आणि पणजीच्या बसच्या कंडक्टरकडे देते. ट्रॅकिंग म्हणजे तिचा फोन : 'गाडी सुटली रे, कंडक्टर टकलो आसा, पुढच्या शिटीखाली ठेवलंय.' एकदा स्टँडवर पोचलो तर टकले कंडक्टर तीन, डबे दोन. एकात खटखटे लाडू होते. परत केले, पण एक कमी करून.