प्रवाळ वाचवायला नेत्यांकडे नेमकं काय मागायचं?

निळाई: लोकप्रतिनिधींना मेल टाकायचाय, पण नुसतं "समुद्र वाचवा" लिहिलं की गोडगोड उत्तर येतं आणि विषय संपतो. मागू काय?

खारावारा: ठोस विचारा. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल या जागतिक जैवविविधता करारात २०३० पर्यंत ३०% समुद्र राखायचं ठरलंय, त्यात आपला वाटा किती आणि तिथं ट्रॉलिंग (समुद्रतळावरून जाळी ओढून मासेमारी) खरंच बंद आहे का, कारण कागदावरची अभयारण्यं ढीगभर असतात.

शिंपला: पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा १ अंशानं जरी महिनाभर तापलं तरी प्रवाळ त्यांना अन्न पुरवणारं आतलं शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात, मग उपासमार. कोळसा-तेलाचं नाव न घेता पत्र म्हणजे वरवरची मलमपट्टी.

खारावारा: मान्य, तरी सांडपाणी थांबलं तर सावरायला वाव मिळतो ना. पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशानं २०२० मध्ये प्रवाळांना घातक सनस्क्रीन बंद केलंच की.

निळाई: ओके, दोन्ही टाकते.