वॉर्ड ‘सुटला’, मेंबर ‘फुटला’

परभणी जिल्ह्यातून

तालुक्याच्या गावातून नगरपालिकेच्या बातम्या देणं हे माझं रोजचं काम. आरक्षण सोडतीच्या दिवशी मी लिहून पाठवलं होतं, ‘प्रभाग ६-अ ओबीसी महिलेला सुटला.’ दुसऱ्या दिवशी छापून आलं, ‘प्रभाग ६-अ नामाप्र (महिला) प्रवर्गासाठी राखीव.’ चूक काहीच नाही. नामाप्र म्हणजे नागरिकांचा मागास प्रवर्ग, कागदोपत्री तोच शब्द आहे. तरी ‘सुटला’ गेला याचं वाईट वाटलं. त्या एका क्रियापदात जे मावतं ते ‘राखीव’मध्ये मावत नाही.

सोडत मी समोर बसून पाहिली. टेबलावर काचेची बरणी, आत एकाच मापाच्या घड्या घालून रबर लावलेल्या चिठ्ठ्या, बाजूला शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. तिनं बरणीत हात घातला की सभागृहात फक्त पंख्याचा आवाज. अधिकाऱ्यांनी चिठ्ठी उलगडून आकडा वाचला आणि मागच्या रांगेतला एक पोरगा फोन कानाला लावून दाराकडे पळाला, “सुटला, बाईला सुटला!” तो हे कुणाला सांगत होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षं त्या वॉर्डात दहाव्या-बाराव्याला, लग्नाला, दवाखान्यात हजर राहिलेला एक कार्यकर्ता बाहेर चहाच्या टपरीवर थांबला होता. वॉर्ड एका घराच्या वाट्याला आला आणि त्याच क्षणी दुसऱ्याच्या हातातून निसटला, हे दोन्ही ‘सुटला’ एकदम सांगतो.

‘सोडत’ हा शब्दही ‘सोडणे’ याच क्रियापदातला. आमच्याकडे कॅनॉलला पाणी सुटतं, नळाला पाणी सुटतं, एसटी सुटते. आपल्या हातात नसलेली पण ज्याची वाट पाहिली जाते अशी गोष्ट आली की ती ‘सुटते’. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तेव्हापासून हा शब्द सोडतीच्या दिवशी घराघरात बोलला जातो.

माझं म्हणणं असं की नगरपालिकेच्या बातमीतली नामं कायद्याची असतात आणि क्रियापदं शेताघरातली. क्रियापदं बदलली की बातमी ज्याच्यासाठी लिहिली त्याच्यापासून लांब जाते. तुमच्या गावचे असे शब्द सांगा.

लातूर जिल्ह्यातून

‘सुटणे’चा अजून एक वापर नोंदवून ठेवा. जागावाटपात ‘ही जागा मित्रपक्षाला सुटली’ असं म्हणतात. ‘दिली’ असं कुणी म्हणत नाही. ‘दिली’ म्हटलं की कुणी दिली, कशाच्या बदल्यात दिली, हे विचारता येतं. ‘सुटली’ म्हटलं की कर्ताच नाहीसा होतो. आमच्या गल्लीत पंधरा वर्षं झेंडा धरलेल्या माणसानं बैठकीत उभं राहून नेत्याला सांगितलं होतं, “सुटली नाही साहेब, तुम्ही सोडली.” एवढंच बोलून तो खाली बसला. व्याकरणाचा याहून चांगला धडा मी शाळेतही ऐकला नव्हता.

बीड जिल्ह्यातून

आमच्याकडचं क्रियापद ‘फुटणे’, म्हणजे मेंबरनं (नगरसेवकानं) आपला पक्ष सोडणं. त्यातही मराठवाड्याचं रूप: “मेंबर फुटायलेत.” पुण्याकडं ‘फुटत आहेत’ म्हणतील. ‘फुटायलेत’मध्ये काम आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत चाललंय हे कळतं.

आम्ही कापूसवाले. दसऱ्याच्या सुमाराला ‘बोंडं फुटली’ म्हटलं की घरात आनंद असतो, वेचणीला बाया सांगायची घाई असते. फुटणं म्हणजे पिकणं. तोच शब्द मेंबरला लागला की विश्वास तुटल्याचा अर्थ येतो. दोन्हीकडं एक गोष्ट मात्र सारखी आहे. फुटलेलं बोंड पुन्हा मिटत नाही, आणि ते वेचायला कुणीतरी ओटी बांधून उभंच असतं.

‘पक्षांतर’ हा पेपरचा शब्द, ‘प्रवेश’ हा नेत्याच्या फलकावरचा. गावात विचारतात एवढंच, “फुटला का राहिला?”

हिंगोली जिल्ह्यातून

नगरपालिकेत लिपिक म्हणून बरीच वर्षं प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहिलं, आता निवृत्त आहे. वरच्या मुद्द्याला धरून एका नामाबद्दल लिहितो, कारण त्याचा गोंधळ सगळ्यात मोठा आहे. ते नाम म्हणजे ‘गट’.

शेतकऱ्याला ‘गट’ म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर. त्याच्या बायकोला बचत गट. पंचायत समितीत गेलात तर गटविकास अधिकारी, तिथं गट म्हणजे तालुक्याचा विकास गट. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत गट म्हणजे मतदारसंघ. एका गटाचे दोन गण होतात आणि गणातून पंचायत समितीचा सदस्य निवडून येतो. त्याच पानावर २०२२ नंतर ‘शिंदे गट’, ‘ठाकरे गट’. निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एका बाजूला दिलं, वर्षभरानं राष्ट्रवादीचंही तसंच झालं. तरी बोलण्यातला ‘गट’ गेला नाही. मी स्वतः एका आजोबांना विचारताना ऐकलंय, “ह्यो गट जमिनीचा का शिंद्याचा?” त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि दोष त्यांचा नव्हता.

आता निकालानंतर बातमी येते: ‘नगरसेवकांची गटनोंदणी झाली.’ हा वरच्यापैकी कुठलाच गट नव्हे. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ असा कायदा आहे. पक्षांतरबंदी आमदार-खासदारांपुरतीच असते असं पुष्कळांना वाटतं. मेंबरला ती या कायद्यानं लागू आहे. एका पक्षाचे निवडून आलेले सदस्य एकत्र नोंद करतात, आपला गटनेता ठरवतात. नगरपालिकेची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडं, महानगरपालिकेची विभागीय आयुक्तांकडं. पुढं मतदानाच्या वेळी व्हिप निघतो. मराठीत पक्षादेश. तो मोडून मत दिलं आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्ष स्वतःहून सोडला तरी तेच. अपक्ष म्हणून निवडून आलेला मागाहून पक्षात गेला तरी तेच.

म्हणजे ‘फुटला’ हे गल्लीतलं क्रियापद आणि ‘गटनोंदणी’ हे कचेरीतलं नाम एकमेकांना बांधलेले आहेत. नोंद कुणाच्या नावानं झाली ते ठाऊक नसेल तर कोण फुटला हे ठरवताच येत नाही. म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मेंबरांच्या गाड्या जिल्ह्याच्या गावाकडं धावतात. बातमीदारांनी ‘गट स्थापन’ एवढंच न लिहिता ‘कलेक्टर कचेरीत गटाची नोंद’ असं लिहावं. दोन शब्द वाढतात, पण वाचणाऱ्याला कुठला गट ते कळतं.

नांदेडहून

‘युती’ आणि ‘आघाडी’ यांत अर्थाचा फरक आहे का? शाळेत मुलानं विचारलं, सांगता आलं नाही.

हिंगोली जिल्ह्यातून

कोशात फार नाही, सवयीत आहे. शिवसेना-भाजपच्या जोडीला १९८९ पासून ‘युती’ म्हणायची सवय लागली. काँग्रेस-राष्ट्रवादी १९९९ मध्ये एकत्र सत्तेवर आले त्याला ‘आघाडी’. तेच पुढं ‘महायुती’ आणि २०१९ पासून ‘महाविकास आघाडी’. मुलाला सांगा, युती म्हणजे जोडलं जाणं, आघाडी म्हणजे पुढं असणं. मतमोजणीत ‘दोनशे मतांची आघाडी’ म्हणतात ती हीच. १९८६ च्या कायद्यातही ‘आघाडी’ शब्द आहे. शहर विकास आघाडी नावाची पाटी निवडणुकीपुरती गावोगाव उभी राहते, ती त्या अर्थानं खरीखुरी कायदेशीर वस्तू आहे.

छत्रपती संभाजीनगरातून

‘मेंबर’बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या जुन्या मोहल्ल्यात म्हातारी माणसं अजून ‘बलदिया’ म्हणतात. अरबीत बलद म्हणजे शहर, बलदिया म्हणजे नगरपालिका. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती. तिचे शब्द कागदावरून गेले, तोंडात राहिले. १९८२ मध्ये इथं महापालिका झाली, तसे ‘कार्पोरेटर’ आणि ‘नगरसेवक’ आले. पण हाक मारताना सगळे ‘मेंबर’च म्हणतात. “मेंबर, तीन दिवसांपासून नळ नाही.” (आमच्याकडं पाणी येत नाही, ‘नळ येतो’.) ‘नगरसेवक’ म्हणून कुणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि मेंबरीण. हा शब्द माझ्या डोळ्यांदेखत बदलला. पाटलाची बायको पाटलीण, तशी मेंबरची बायको मेंबरीण. माझी आई तसंच म्हणायची. मग बायका स्वतः निवडून यायला लागल्या आणि शब्द अडचणीत आला: मेंबरीण म्हणजे निवडून आलेली की निवडून आलेल्याची बायको? गल्लीनंच वाट काढली, निवडून आलेलीला ‘मेंबरबाई’ म्हणायला लागले. ‘नगरसेविका’ पत्रिकेवर छापतात. माझी मागणी एवढीच की बातमीत ‘नगरसेविकेचे पती म्हणाले’ असं लिहू नये. जिला मतं पडली तिला विचारावं आणि तिचं म्हणणं लिहावं.

परभणी जिल्ह्यातून

मेंबरबाईचा मुद्दा मी मनाला लावून घेतोय. तसं मी स्वतः दोनदा लिहिलेलं आहे. पुन्हा लिहिणार नाही.

‘नगरसेवक’बद्दल एक भर घालतो. आमच्या भागातली बरीच तालुक्याची गावं गेल्या दहा-बारा वर्षांत ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाली, सतरा-सतरा सदस्यांच्या. तिथं मोठा घोटाळा झाला. ग्रामसेवक हा पगारी कर्मचारी, लोक दाखल्याला त्याच्याकडं जायचे. नगरसेवक मात्र मतं मागून निवडून आलेला. दोघांच्याही नावात ‘सेवक’. एक आजी नव्या नगरसेवकाकडं रहिवासी दाखल्यासाठी सही मागत आठवडाभर फिरल्या, कारण त्यांच्या हिशेबानं सेवक म्हणजे सही-शिक्क्याचा माणूस. ग्रामसेवकाचं पदनाम २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, पण बोलण्यात ते यायला वेळ लागेल. इथं ‘मेंबर’ हा शब्द जास्त स्पष्ट आहे. तो सभासद आहे, सही मुख्याधिकाऱ्याची.

‘थेट’ही घ्या. ‘थेट नगराध्यक्ष’ म्हणजे लोकांनी सरळ मतदान करून निवडलेला. २०१६ ला तो पुन्हा आला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला. महापौर मात्र नगरसेवकांतूनच होतो, अडीच वर्षांसाठी. त्यामुळं ‘फुटणे’चं वजन महापालिकेत वेगळं आणि पालिकेत वेगळं. सदस्य फुटले तरी थेट नगराध्यक्ष आपल्या खुर्चीवर राहतो, मग सभागृह एकाचं आणि खुर्ची दुसऱ्याची अशी ओढाताण सुरू होते.

निवृत्त लिपिक काकांना एक विचारायचं आहे. ‘कार्योत्तर मंजुरी’ आणि ‘ऐनवेळचे विषय’ यांचा सामान्य माणसाला कळेल असा अर्थ कसा लिहावा? आमच्या वाचकांना ‘कार्योत्तर’ म्हणजे कार्याचं उत्तर वाटतं.

हिंगोली जिल्ह्यातून

यातला उत्तर म्हणजे ‘नंतर’. मरणोत्तर, युद्धोत्तर, तसंच कार्योत्तर. काम झालं, खर्च झाला, सभागृहाची मंजुरी मागून. पाइप फुटला, रात्रीतून दुरुस्त केला, तर ती मागूनच घ्यावी लागणार. पण प्रत्येक महिन्याला तीच यादी दिसायला लागली तर बातमीदारानं ‘आधी केलं, मग विचारलं’ असं सरळ लिहावं. तुमच्या वाचकाला दुसरा अर्थ सांगायची गरज पडणार नाही.

‘ऐनवेळचे विषय’बद्दल काय लिहू! विषयपत्रिका आधी वाटतात, फलकावर लावतात. तिच्यावर शेवटची ओळ ठरलेली: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ ऐन म्हणजे नेमकी, खुद्द ती वेळ. ऐन दिवाळीत, ऐन पेरणीत म्हणतो तोच. आधीचे विषय वाचून लोक हरकती घेऊन येतात. या शेवटच्या ओळीखाली काय येणार ते कुणालाच वाचायला मिळालेलं नसतं. मी प्रोसिडिंग लिहीत होतो तेव्हा सभा उठायच्या घाईत, खुर्च्या सरकत असताना हे विषय वाचले जायचे. एकदा मी शेजारच्या सदस्यांना विचारलं, “आत्ता काय मंजूर झालं?” ते म्हणाले, “तुम्ही लिहा, आम्ही वाचू.” त्या रात्री मी ते विषय एकेक ओळ सोडून, मोठ्या अक्षरांत लिहिले, निदान वाचणाऱ्याला सापडावेत म्हणून. माझ्या हातात तेवढंच होतं.

‘तहकूब’चंही ध्यानात ठेवा. लोक त्याला ‘रद्द’ समजून घरी जातात. तहकूब म्हणजे पुढं ढकललेली. ग्रामसभा गणपूर्तीअभावी, म्हणजे ठरलेली माणसं न जमल्यानं, तहकूब झाली तर पुन्हा भरताना गणपूर्तीची अट राहत नाही. घरी गेलेल्यांशिवाय ठराव होतात.

परभणी जिल्ह्यातून

काका, मनापासून आभार. ‘आधी केलं, मग विचारलं’ हे मी शब्दशः वापरणार आहे.

आमच्या पालिकेच्या फलकावर पुढच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आज लागली. एकोणीस विषय आहेत, विसावी ओळ तुम्ही सांगितली तीच. खुर्च्या सरकेपर्यंत मी बसून राहणार आहे. जे मंजूर होईल ते कुठल्या क्रियापदात लिहायचं, ते त्या रात्री इथं विचारतो.