डाव्या हाताला क्लच झेपत नाही. बिनगिअरची गाडी घ्यावी का?

ठेका_बडोदा

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, तबला शिकवतो. सकाळच्या दोन बॅच घरीच होतात. दुपारनंतर कारेलीबाग आणि मांजलपूरला घरोघरी जातो, मंगळवार-शुक्रवार हालोलला. गाडी शंभर सीसीची, चार गिअरची, अकरा वर्षं झाली. चारही गिअर पुढे दाबून टाकायचे, टाचेनं मागे आणायचे. इतकं अंगवळणी पडलंय की पायाला सांगावं लागत नाही.

गेल्या दिवाळीपासून डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मनगट करंगळीकडे वाकवलं. कळ थेट मस्तकात गेली. नाव सांगितलं डी क्वेर्व्हेन. अंगठ्याच्या कंडरा मनगटापाशी एका अरुंद आवरणातून जातात, ते सुजलंय. रात्री पट्टा बांधतो, शेकतो, गोळ्या झाल्या.

मला वाटलं होतं रियाजानं झालं असेल. म्हणून दोन दिवस पडताळून पाहिलं. एका रविवारी तीन तास वाजवलं, गाडीला हात लावला नाही. संध्याकाळी मनगट ठीक. दुसऱ्या दिवशी वाजवलं नाही, फक्त शिकवण्यांना गाडीवर फिरलो. रात्री चहाचा कप उचलवेना. दांडिया बाजार ते मांजलपूर जाताना क्लच किती वेळा दाबतो तेही एकदा मोजलं. दीडशेच्या आसपास भरलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त शहराच्या गर्दीत, रिक्षामागे अर्ध्या क्लचवर रांगताना.

माझ्यासाठी डावा हात म्हणजे डग्गा. मनगटाची टाच कातड्यावर टेकवून दाब देत सरकवायची, तेव्हा 'घे' या बोलाला घुमारा येतो. तो दाब आता थरथरतो. परवा कारेलीबागेतली नऊ वर्षांची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आज घे बसका का येतोय?" त्या रात्री झोप लागली नाही.

घरचे म्हणतात स्कूटर घ्या. पण हालोलचा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा, सतत मालवाहू ट्रक, उघड्यावरचा वारा. तिथे छोट्या चाकांवर मन घट्ट होत नाही. उलट सामानाचं पाहिलं तर स्कूटरच बरी. आज तबला खांद्याच्या पिशवीत असतो आणि पितळी डग्गा मागच्या सीटवर रबरी दोरीनं बांधलेला. स्कूटरवर तो पायाशी राहील.

क्लच नसलेली मोटारसायकल मिळते का? सव्वा लाखापर्यंत जाऊ शकतो. बावीस वर्षं गिअरची चालवलीय, सोडवत नाही, पण हात गेला तर सगळंच गेलं. ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी सांगा.

वाडीवाला

सर, डोळे मिटून १२५ची स्कूटर घ्या. वडिलांना साठाव्या वर्षी घेऊन दिली, पहिले आठ दिवस डावा पाय गिअर शोधत होता, मग विसरले. पेट्रोल थोडं जास्त लागतं, ते धरून चाला.

स्पॅनर_१०_११

नमस्कार सर. वीस वर्षं मकरपुऱ्यात गाड्या दुरुस्त करतोय. नवीन गाडीचं नंतर बघू, आधी आहे त्या गाडीचा क्लच कुठे जड झालाय ते काढा.

अकरा वर्षांची केबल आतून गंजते, तारेचे दोन-चार धागे तुटून कव्हरमध्ये अडकतात, आणि लिव्हर दगडासारखा होतो. तुम्हाला तो हळूहळू जड झालेला कळतही नाही. नवीन केबल टाका, लिव्हरच्या खिळ्याला ग्रीस लावा. केबल टाकीखाली कुठे चेपली किंवा फार वळली नाही ना, ते समोर उभं राहून बघा. लिव्हरच्या टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर मोकळी चाल, म्हणजे केबलवर ताण येण्याआधीचा ढिलेपणा, हवी. ती जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, कमी असेल तर घसरतो.

दुसरं, लिव्हरची बैठक. क्लॅम्पचा नट सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवा. हात हँडलवर ठेवून बोटं सरळ केली की ती लिव्हरवरच यायला हवीत, मनगट वर दुमडता कामा नये. बहुतेक गाड्यांचे लिव्हर शोरूममधून वर तोंड करून येतात आणि लोक वर्षानुवर्षं तसेच चालवतात. सिग्नलला क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रलमध्ये घ्या.

आता स्कूटरबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायात असतो, स्कूटरचा डाव्या हातात. म्हणजे डाव्या हाताचं काम संपत नाही, बदलतं. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला. स्कूटरवर डावा लिव्हर दाबला की पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक लागतात. क्लचपेक्षा कितीतरी कमी वेळा दाबाल, पण दाबाल तेव्हा जोरानं. म्हणून विकत घेण्याआधी गर्दीत तासभर चालवून बघा.

क्लचशिवाय गिअरची मोटारसायकल ही कल्पना जुनी आहे. होंडाची सुपर कब १९५८ची. तिला डाव्या हाताला क्लच लिव्हरच नाही. आत सेंट्रिफ्यूगल क्लच असतो, इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जाऊन तो आपोआप पकडतो. पायानं गिअर दाबला की तोच पाय आधी क्लच सोडतो, मग गिअर पडतो. पाय हळू उचलायचा, नाहीतर झटका बसतो. आपल्याकडे हीरो होंडा स्ट्रीट याच जातीची होती. २००९ मध्ये टीव्हीएसनं जाइव्ह काढली, तीही क्लच लिव्हरशिवाय. माझ्याकडे आजही एक स्ट्रीट येते, मालक म्हातारे आहेत, कुणाला देत नाहीत. नवीन मात्र या दोन्ही मिळत नाहीत, आणि जुनी घेतली तर पार्टसाठी मी तुमच्यासोबत बाजारभर फिरेन.

होंडाच्या आफ्रिका ट्विनला दोन क्लचचा डीसीटी गिअरबॉक्स मिळतो, ६५०च्या गाड्यांना आपोआप चालणारा ई-क्लच आला. दोन्ही उत्तम, दोन्ही तुमच्या बजेटच्या पलीकडे. उरली इलेक्ट्रिक. रिव्होल्टची आरव्ही ४०० २०१९ मध्ये आली, ना क्लच ना गिअर. पण इलेक्ट्रिक म्हणजे बिनगिअरच असं धरू नका. अहमदाबादच्या मॅटरच्या एराला चार गिअर आहेत. घ्याल ती गाडी बसून बघा, मागचा ब्रेक हाताला आहे की पायाला ते तपासा. आणि हालोलला जाऊन परत येण्याइतकी बॅटरी कंपनीच्या आकड्यावर नको, रोज चालवणाऱ्याला विचारून ठरवा.

मांजलपूरची_ताई

स्पॅनरभाऊंचं ब्रेकचं म्हणणं अगदी खरं. मी आठ वर्षांपूर्वी गिअरची सोडून स्कूटरवर आले, शहरासाठी परत कधी गिअरची घेणार नाही. पण दोन प्रसंग सांगते.

पावागडला माचीवरून आईला मागे बसवून खाली येत होते. मोटारसायकलवर दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. स्कूटर वेग कमी झाला की आतला क्लच सुटतो आणि ती मोकळी घरंगळते, सगळा भार ब्रेकवर. अर्ध्या वाटेत जळका वास आला. थांबलो, आई पायरीवर बसली, मी अर्धा तास ब्रेकचा ड्रम निवायची वाट बघत उभी. तेव्हापासून उतारावर मध्ये थांबतेच.

दुसरं २०२४च्या ऑगस्टचं, विश्वामित्री शहरात शिरली तेव्हाचं. स्कूटरच्या बेल्टच्या खोक्याला थंड राहण्यासाठी हवेची वाट असते, तिथून पाणी शिरलं. बेल्ट भिजला, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. ढकलत नेली. शेजारच्यांची मोटारसायकल गुडघाभर पाण्यातून निघून गेली, कारण तिचा क्लच तेलातच बुडालेला असतो. दादा, हात महत्त्वाचाच, पण पावसाळ्यात कुठून जाता तेही मोजा.

ठेका_बडोदा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगतो.

केबल बदलली. जुनी बाहेर काढून माझ्या हातात दिली तेव्हा ती वाकवल्यावर तशीच वाकडी राहत होती, आणि टोकाशी तीन धागे ब्रशसारखे फुटलेले. मागच्या वर्षी ज्या गॅरेजात सर्व्हिसिंग केलं तिथे मोकळी चाल संपवूनच टाकली होती, आणि टाकी बसवताना केबल चेपली होती. याचा मला फार राग आला. वर्षभर मी गोळ्या खात होतो. लिव्हर खाली फिरवला. आता दोन बोटांत येतो.

मग बहिणीची स्कूटर चार दिवस वापरली. स्पॅनरभाऊ, तुम्ही म्हणालात तसंच: मांडवीच्या गर्दीत डावा हात जवळपास रिकामा, आणि एकदा रिक्षा अचानक थांबली तेव्हा ब्रेक दाबताना अंगठ्याशी चमक निघाली. पण ती एकदाच. एका ओळखीच्यांची इलेक्ट्रिक मोटारसायकलही चालवली. हाताला फारच सुखाची, मागचा ब्रेक पायाला होता. पण आमच्या वाड्यात गाडी गल्लीत उभी राहते, चार्जिंगला सॉकेट नाही, आणि रोज बॅटरी उचलून जिना चढणं या मनगटाला जमणार नाही. तिसऱ्या मजल्यावर राहत नसतो तर कदाचित तीच घेतली असती.

मग पुन्हा मोजलं, या वेळी हालोलच्या वाटेवर. शहर सुटलं की चाळीस मिनिटांत क्लच अकरा वेळा. एवढाच. म्हणजे दुखणं शहरातल्या सहा किलोमीटरांत आहे, हायवेच्या चाळिसांत नाही. मी मात्र एकच गाडी निवडायची म्हणून अडून बसलो होतो.

बहिणीची स्कूटर तिच्याकडून विकत घेतोय, ती तशीही नवी घेणार होती. शहरातल्या शिकवण्यांना ती. मोटारसायकल ठेवतोय, मंगळवार-शुक्रवार हालोलसाठी. पाणी भरलं असेल त्या दिवशी ताईंचं ऐकून तीच काढीन. पट्टा अजून रात्री बांधतो, डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे सांगितलेत.

काल कारेलीबागेत 'घे' चांगला लागला. एकच विचारायचंय: फूटबोर्डावर डग्गा ठेवला की खड्ड्याचा हादरा थेट शाईला, कातड्यावरच्या काळ्या गोलाला, बसतो. सध्या खाली जुनी चुंबळ आणि वर घडी केलेली गोधडी असं करतो. कोणी तबलजी स्कूटरवर नेत असतील तर काय वापरता?