उत्तर: शनिवारचे डॉक्टरांचे कॉल, कॅमेऱ्याचं काय ठरलं?

सचिव:
नमस्कार मंडळी,
शनिवारी छोट्या खोलीत रुग्णांचे डॉक्टरांशी पुन्हा व्हिडिओ कॉल आहेत. मागच्या वेळचा गोंधळ नको. चित्र गोठत होतं, आडवे पट्टे सरकत होते आणि डिजिटल स्टेथोस्कोपचं डॉक्टरांना काहीच ऐकू गेलं नाही. नवा फोर-के कॅमेरा घ्यावा असा प्रस्ताव आलाय. कोणाची हरकत नसेल तर उद्या मागवते. नाट्यविभागाचा कॅमेरा मागायचा नाही हे आधीच ठरलंय.

खजिनदार:
हरकत आहे. कॅमेरा बदलल्यावर स्टेथोस्कोप कसा ऐकू येणार, हे कोणीतरी मला समजावून सांगा. मग सही करतो.

नाट्यविभाग:
कधी ठरलं? कोणी ठरवलं? आमचा कॅमेरा फिरतो, झूम होतो, आणि तो द्यायला आम्ही कधीच नाही म्हटलेलं नाही. फक्त ट्रायपॉडची प्लेट परत मिळावी, ती अजून आलेली नाही.
पट्ट्यांचं म्हणाल तर तो दिव्यांचा खेळ आहे. वीज 50 हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, 60 ची असेल तर 120 वेळा. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. आपला वेबकॅम कोणीतरी दुसऱ्या देशातून आणलेला, त्याचं सेटिंग तिकडचं. 'अँटी-फ्लिकर' इथल्या विजेप्रमाणे लावा, पट्टे जातील.

राउटरवाले काका:
पट्टे ठीक, पण गोठण्याचं काय? सगळे डाउनलोडचा वेग बघतात. आपलं चित्र डॉक्टरांकडे जातं ते अपलोडवर. शेजारच्या हॉलमध्ये तालीम चालू, प्रत्येकाचा फोन त्याच वायफायवर फोटो चढवतोय, मग उरणार काय? 720 च्या (म्हणजे 720 ओळींच्या) चित्राला साधारण दीड एमबीपीएस (सेकंदाला दीड मेगाबिट) वेग पुरतो, पण तो अखंड मिळायला हवा. आणि बहुतेक कॉल ॲप 720 किंवा 1080 च्या वर पाठवतच नाहीत. फोर-केचं कौतुक आपल्या खोलीतच राहील.
दुसरी गोष्ट. लाइन तंग झाली की ॲप एक तर चित्र धूसर करतं, नाहीतर फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातली सुटी चित्रं, गाळतं. कंपवाताचा हात स्थिर असतानाचा थरथराट सेकंदाला 4 ते 6 वेळा होतो. फ्रेम सेकंदाला आठ-दहावर आल्या तर डॉक्टरांना तो धड दिसणारच नाही. चित्र थोडं कमी स्पष्ट चालेल, हालचाल सलग हवी.
म्हणून कॅमेऱ्याआधी केबल. राउटरपासून त्या खोलीपर्यंत ओढायची, भिंतीला भोक पाडायची परवानगी सचिवांनी आणावी. राउटरचा पासवर्ड कृपया या मेल-यादीवर मागू नये.

सचिव:
पासवर्ड कोणीच मागितला नव्हता, काका.

डॉक्टर वहिनी (निवृत्त):
स्टेथोस्कोप बिघडलेला नाही. हृदयाचे 'लब-डब' बहुतांशी 200 हर्ट्झच्या खाली, म्हणजे अगदी खालच्या सुरात, असतात. कॉल ॲपचं काम माणसाचं बोलणं पोहोचवणं. खालचा गडगडाट म्हणजे पंखा, वाहन, असं समजून ते कापून टाकतं. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट मागणाऱ्याकडे बघतात, तसं ते हृदयाकडे बघतं. आवाज-गाळणी बंद करा. झूममध्ये त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' आहे. तरी जमलं नाही तर स्टेथोस्कोपच्या स्वतःच्या ॲपमध्ये रेकॉर्ड करून ती फाइल पाठवा. पलीकडच्या डॉक्टरांनाही हेडफोन लावायला सांगा, लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खालचा सूर निघतच नाही.
आणि पुरळ, जखम असं काही असेल तर चालू व्हिडिओत दाखवत बसू नका. व्हिडिओ दाबून लहान करून पाठवला जातो, बारकावे जातात. नीट उजेडात स्थिर फोटो काढून आधी पाठवा.

वाचनालयवाले अण्णा:
वहिनींच्या फोटोच्या मुद्द्यावर. माझ्या पायावरची लाली पिवळ्या दिव्याखाली चक्क तपकिरी दिसली आणि डॉक्टर भलतेच प्रश्न विचारू लागले. मुलीने फोटोत शेजारी पांढरा कागद ठेवला, तेव्हा त्यांना रंगाचा अंदाज आला. टेबलावर कोरा कागद ठेवून द्या, खर्च शून्य. शिवाय खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली असते ती फिरवा. मागून उजेड आला की चेहरा काळा.

खजिनदार:
अण्णांचा कागद मंजूर.

राउटरवाले काका:
वहिनी, गाळणी बंद केली तर हॉलमधली तबल्याची साथसुद्धा डॉक्टरांना ऐकू जाईल.

नाट्यविभाग:
तालमीची वेळ आम्ही बदलणार नाही, आधीच सांगतो. फक्त हृदय ऐकण्यापुरती गाळणी बंद करा, बोलताना पुन्हा चालू.

डॉक्टर वहिनी:
हो, तसंच करायचं. आणि दार लावा! मागच्या वेळी एका आजींची औषधांची यादी अख्ख्या हॉलने ऐकली. रेकॉर्डिंगचं बटण कोणी दाबायचं नाही, स्टेथोस्कोपची फाइल पाठवून झाली की तीही पुसायची.

सचिव:
कॅमेरा मागवत नाही. नाट्यविभागाचा घेऊ, त्यांना चालत असेल तर. वायफायवर भरवसा नाही, तेव्हा काका, शनिवारपुरती केबल जमिनीवरून आणाल का? भिंतीचं नंतर बघू.

राउटरवाले काका:
आणतो. टेप लावून, नाहीतर कोणीतरी अडखळेल आणि तोही कॉल डॉक्टरांनाच करावा लागेल. लांब केबल कपाटात होती, ती कोणी नेली?

नाट्यविभाग:
आमच्याकडे आहे. प्लेट मिळाली की देतो.